इंचभर आखूड दार

दिनांक ३, सोमवार

आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी माझ्या खोलीतील भिंतीच्या कपाटाचे घडीचे दार निखळून पडले. कोणास इजा नाही. सूनबाईच्या दवाखान्यातून आलेली ही कोरी डायरी कपाटातच पडून होती, ती आजपासून लिहीत आहे. कारण एवढेच की, म्हाताऱ्याने दाराचे काही केले नाही, असे उद्या कोणी म्हणू नये. माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंत झाले आहे; तथापि जे लिहीन ते शुद्ध लिहीन.

दार दोन फळ्यांचे आहे. मध्ये तीन बिजागऱ्या. ओढले की फळ्या पुस्तकासारख्या मिटतात. वरच्या बाजूस लोखंडी रूळ आहे. फळीच्या माथ्यावर चार स्क्रूंनी आवळलेली एक पट्टी असून तिची खुंटी रुळात अडकते. खालच्या बाजूस दुसरी खुंटी, ती जमिनीवरील लोखंडी वाटीत फिरते. दाराचा सारा भार या खालच्या खुंटीवर असतो आणि तीच मोडली आहे. वाटीखाली एक लाकडी ठोकळा होता, त्याचा ओलीने भुगा झाला आहे. वरची पट्टी शाबूत आहे. तिला हात लावण्याचे कारण नाही.

हे दार मी एकतीस वर्षांपूर्वी केले. चाळीस वर्षे सुतारकाम केले, किती दारे केली याची गणती नाही. आजमितीस उभे असलेले माझ्या माहितीत हे एकच. बाकीची लोकांनी हौसेने काढून टाकली.

मुलगा बूट घालता घालता म्हणाला, "बाबा, आता काढूनच टाकू ते. सरकती दारं बसवू, आरसेवाली."

मी म्हणालो, "आरसा कशाला? मी कसा दिसतो ते मला ठाऊक आहे."

"आम्हालाही ठाऊक आहे," सूनबाई आतून म्हणाली, "पण तुमचे सदरे धुळीत लोळताहेत त्याचं बघा."

मुलाने मिस्त्रीला वीस तारीख दिली आहे. तोपर्यंत दार उभे राहिले तर राहील, नाही तर मिस्त्री येऊन रूळ, फळ्या, पट्ट्या सर्व उचकटून नेणार. परक्या माणसाने माझ्या पट्ट्या उचकटाव्यात, हे मला रुचलेले नाही. मी सांगितले की, मिस्त्रीला उंबरठ्यावरूनच परत पाठवीन.

दिनांक ४, मंगळवार

मोडकी खुंटी रुमालात गुंडाळून मोठ्या दुकानात गेलो. तेथील काचेचे दार माणूस समोर आल्यावर आपणहून सरकते. त्यात सुताराचे काही कसब नाही.

काउंटरवरील बाईंनी विचारले, "मॉडेल नंबर?"

"नंबर नाही. दार मी केलेले आहे."

"तरी कंपनी कोणती?"

"मीच."

त्या हसल्या. मग खुंटी उलटसुलट करून म्हणाल्या, "आजोबा, हे सुटं मिळत नाही. वरचं-खालचं जोडीनंच येतं. वरची पट्टीही काढून आणा, म्हणजे मापाला माप लावून देते."

मी सांगितले की वरची पट्टी शाबूत आहे व ती काढण्यात येणार नाही.

"मग खालचीही तशीच शाबूत ठेवायची होती," असे त्या म्हणाल्या आणि मागच्या माणसाकडे वळल्या. मी नमस्कार न करता परतलो.

दिनांक ६, गुरुवार

दुपारी सूनबाईने शिवणाची कापडी टेप आणून मला न विचारता दार मोजले.

"फळी अठ्ठ्याहत्तर इंच भरते, बाबा. आणि इथं एकोणऐंशी लागतं. इंचभर आखूडच आहे हे."

"मला ठाऊक आहे."

"मग केलं कशाला असं?"

"मी केले नाही."

ज्या अर्थी तिने भुवया उंचावल्या, त्या अर्थी हकीकत येथे नमूद करणे भाग आहे.

मी व माझा धाकटा भाऊ मिळून कारखाना चालवीत होतो. माझ्या टेपचा पहिला इंच तुटलेला होता. चांगली टेप केवळ टोकासाठी कोणी टाकून देत नाही. मी माप एकच्या आकड्यापासून घेत असे. टेपवर ऐंशी दिसले म्हणजे खरे एकोणऐंशी. त्यावरून आमच्याकडे नियम ठरला होता: टेपवर दिसेल तोच आकडा मी फळीच्या माथ्यावर पेन्सिलीने लिहायचा आणि कापणाऱ्याने एक इंच वजा करून कापायचे. कापणारा धाकटा. अकरा वर्षे या नियमात एकदाही चूक झाली नाही.

याच वसाहतीतील एका गिऱ्हाइकाचे हे दार. वसाहतीतील सर्व घरांची कपाटे एकाच मापाची आहेत. त्या दिवशी माझी टेप कारखान्यात राहिली होती म्हणून गिऱ्हाइकाच्या कोऱ्या टेपने माप घेतले. एकोणऐंशी आले. कापणारा एक वजा करणार हे जाणून मी त्यात एक मिळवून ऐंशी लिहिले असणार. माझी सवयच तशी. धाकट्याने कापले अठ्ठ्याहत्तर. दार घेऊन गेलो तर खाली मांजर जाईल एवढी फट.

गिऱ्हाईक बोलू लागले. धाकटा म्हणाला, "दादा, तू लिहिलेला आकडा बघ. पट्टीखाली आहे. चार स्क्रू काढायचे फक्त."

मी म्हणालो, "माझा आकडा मला बघावा लागत नाही." आणि गिऱ्हाइकाला सांगितले, "माझ्या भावाच्या हाताला इंचभर कमीच पडतं. डोक्यालाही."

सगळे हसले. संध्याकाळपर्यंत बाजारात त्याचे नाव 'इंचभर' झाले. त्यानंतर दारांचे काम त्याला कोणी दिले नाही आणि तो कारखान्यातून निघून गेला. हे वाईट झाले, मी नाकारीत नाही; परंतु चुकीवर पांघरूण घालून धंदा होत नाही. नाकारलेले दार मी घरी आणून माझ्या कपाटाला लावले व खाली ठोकळा दिला. गिऱ्हाइकाला दुसरे करून दिले.

पट्टी धाकट्यानेच बसविली होती, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. काही लपवावयाचे असल्याखेरीज कोणी इतक्या घाईने पट्टी बसवीत नाही.

दिनांक ८, शनिवार

नवा ठोकळा केला. रंधा मारताना हात पूर्वीसारखा चालत नाही, तरी कोपरे काटकोनात आले. ठोकळ्यावर वाटी आणि वाटीत जुन्याच खुंटीचा उरलेला तुकडा ठोकून बसविला. दार उभे राहिले. मुलाला दाखविण्यासाठी हाक मारली. तो येईपर्यंत उभे होते.

तो आल्यावर पडले.

दिनांक १०, सोमवार

मुलाने फोनवरून एक संच मागविला होता, तो आज खोक्यातून आला. वरची पट्टी, खालची खुंटी, वाटी, सर्व चकचकीत. खुंटी वाटीत बसते, पण दारापर्यंत पोहोचत नाही. बरोबर इंचभर राहते; नवा ठोकळा शनिवारी दार पडताना दुभंगला. मी खोके पुन्हा चिकटपट्टी लावून परतीसाठी ठेवले.

मुलगा म्हणाला, "बाबा, वरची पट्टी बदलून रूळ खाली घेऊ. मग जमेल."

"वरचे काही हलवायचे नाही."

"का पण?"

"कारण वरचे काही मोडलेले नाही."

तो बायकोकडे पाहून म्हणाला, "इंचभर काकांचा इंच आपल्याला जन्मभर पुरणार बघ." दोघे हसली. लहानपणापासून त्याला काकाचे हेच नाव माहीत आहे. दुसरे मी कधी सांगितले नाही.

दिनांक १३, गुरुवार

जुन्या बाजारात दोरीचा चष्मा लावणारे एक दुकानदार आहेत, माझ्याच वयाचे. त्यांनी खुंटी पाहिली, फटीचे माप ऐकले आणि चष्मा कपाळावर चढविला.

"ठोकळ्यानं नाही भागायचं, तो ओलीनं पुन्हा कुजणार. दार आखूड आहे तर खुंटीच लांब पाहिजे. अशी लांब खुंटी कोणी बनवत नाही. एकजण सोडून."

"कोण?"

"टोकाला इंचभरशेठ आहेत ना. ते स्वतः लेथवर करून ठेवतात. आखूड दारांचे डॉक्टरच आहेत ते." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "तुम्ही त्यांचे कोणी लागता का? चेहरा तसा वाटतो."

मी सांगितले की, चेहऱ्यांचे काही सांगता येत नाही.

दिनांक १५, शनिवार

त्या दुकानाची पाटी मी लांबून पाहिली आहे. 'इंचभर हार्डवेअर' असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. नाव मी दिले, आणि त्याने ते पाटीवर रंगवून घेतले. याला बेशरमपणा म्हणावे की काय, हे मला ठरविता आलेले नाही. मी त्या रस्त्याने जात नाही; दवाखान्याला जाण्यासाठी मागचा रस्ता धरतो. तो दहा मिनिटे लांब पडतो.

सूनबाई म्हणाली, "बाबा, मी जाऊन आणू का? हे पडद्याचे दांडे त्यांच्याकडचेच आहेत. आणि नळाची चावी. आणि तुमच्या काठीचं रबर."

काठीचे रबर दोन वर्षांपूर्वीचे आहे. उत्तम टिकले आहे. मी म्हणालो, "माझे दार आहे. मीच जाईन."

"जा मग. पण भांडून येऊ नका."

"मी आजवर कोणाशी भांडलेलो नाही. मी फक्त बरोबर असतो."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली.

दिनांक १७, सोमवार

इस्त्रीचा सदरा घालून गेलो.

दुकान अरुंद असून भिंतीला छतापर्यंत लहान लहान खण आहेत. सहा-सात गिऱ्हाइके उभी होती. "इंचभरशेठ, आमचं कुलूप बघा की," असे एकजण म्हणत होता, आणि त्यात थट्टेचा सूर नव्हता. आपण डॉक्टरला डॉक्टर म्हणतो, तसे.

धाकटा पूर्ण पांढरा झाला आहे. त्याने मला पाहिले, हातातले कुलूप खाली ठेवले आणि बाकीच्यांना म्हणाला, "जरा थांबा."

मी रुमाल उघडला. त्याने खुंटीकडे पाहिलेही नाही. खाली वाकून सर्वांत खालचा खण ओढला व तेलकट कागदात गुंडाळलेली एक खुंटी काउंटरवर ठेवली.

"ही घ्या. इंचभर लांब आहे."

मी म्हणालो, "माप न विचारता देतोस?"

"हे माप मला कोणी सांगायला नको, दादा."

पूर्वी तो मला 'तू' म्हणत असे. आज संपूर्ण वेळ 'तुम्ही' म्हणाला. एकतीस वर्षांत त्याला रीतभात आली, असे माझ्या मनात आले व बरे वाटले.

"वरची पट्टी काढलीत का कधी?" त्याने विचारले.

"नाही. शाबूत आहे."

"हो का."

मग त्याने दुसऱ्या खणातून चार स्क्रू मोजून पुडीत बांधले.

"मी स्क्रू मागितलेले नाहीत."

"असू द्या. वरचे गंजले असतील. भार आला की तुटतील."

मी पुडी घेणार नव्हतो, परंतु मागे उभ्या असलेल्या माणसाने ती माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकली आणि म्हणाला, "घ्या आजोबा, शेठ देतात ते लागतंच."

दिनांक १८, मंगळवार

मुलगा व सूनबाई कामावर गेल्यावर दार उचलले. खुंटी वाटीत अलगद बसली, जणू तिच्यासाठीच केली होती. दार सरळ करून भार दिला तोच वर कट्ट असा आवाज झाला. पट्टीच्या चार स्क्रूंपैकी दोन तुटले. पट्टी लोंबू लागली.

दार जमिनीवर आडवे केले. बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो. वीस तारखेला आता दोन दिवस आहेत आणि पट्टी अशी ठेवली तर मिस्त्री काढणारच, असा विचार करून उरलेले दोन स्क्रू मी काढले.

पट्टीखाली आकडा आहे. पेन्सिलीचा. कालच लिहिल्यासारखा.

७९.

खाली दोन रेघा. आकड्याखाली दोन रेघा मी एकटाच मारतो. नऊची शेपटी डावीकडे वळलेली आहे. ती तशी वळवावी म्हणून चौथीच्या गुरुजींनी माझ्या हातावर पट्टी मारली होती.

धाकट्याने मागाहून लिहिला असावा, असा विचार करून पाहिला. अर्धा तास पाहिला. त्याला अक्षर मीच शिकविले होते. त्याचा हात तसा वळत नाही.

म्हणजे कोऱ्या टेपवर दिसले तेच मी लिहिले आणि त्याने नियमाप्रमाणे एक वजा केला. नियम माझा होता. तो नियमाप्रमाणे वागला.

रंधा जवळच होता. एक हलका हात फिरविला असता तर आकडा निघून गेला असता. रंधा उचलला आणि परत ठेवला. हे सद्गुण म्हणून नमूद करीत नाही. पाते बोथट होते, फळी बिघडली असती.

दिनांक १९, बुधवार

पट्टी जागेवर बसविली. दोन जुने स्क्रू व धाकट्याकडचे दोन. दार उभे केले. उघडले, मिटले, पुन्हा उघडले. कोठेही अडकत नाही. सदरे आत ठेवले.

दिनांक २०, गुरुवार

मिस्त्री आला. मुलाने त्याला माझ्या खोलीत आणले आणि दोन बोटांनी दार उघडून दाखविले.

मिस्त्री खाली बसून पाहू लागला. "ही खुंटी कुठं मिळाली? असली मी पाहिली नाही."

"आमच्या काकांकडे," मुलगा म्हणाला. "माप त्यांनीच चुकवलं, खुंटीही त्यांनीच दिली. तीस वर्षांनी का होईना, भरपाई झाली. आणि निस्तरलं कोणी? आमच्या बाबांनी. या वयात एकट्यानं दार उचललं."

मिस्त्री म्हणाला, "जुनी माणसं ती. त्यांचं माप चुकत नाही."

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी बोलण्यासाठी घसा खाकरला. सूनबाईने पाण्याचा पेला दिला. मी पाणी प्यालो. तोपर्यंत ते रुळाबद्दल बोलू लागले होते.

मिस्त्री उंबरठ्यावरून नव्हे, चहा घेऊन परत गेला. माझे म्हणणे खरे झाले असे मुलगा संध्याकाळी दोनदा म्हणाला.

दिनांक २२, शनिवार

चारपैकी दोन स्क्रू उरले होते. दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणे योग्य नव्हे, म्हणून ते परत करण्यास गेलो. पुढच्या रस्त्याने गेलो.

भर दुपार होती. धाकटा खणांवरची धूळ झटकीत होता. मी पुडी काउंटरवर ठेवली.

"दोनच लागले. हे दोन तुझे."

त्याने पुडी उघडली नाही. "म्हणजे पट्टी उघडलीत."

"उघडली."

"किती आहे?"

"एकोणऐंशी."

त्याने मान हलविली. एखाद्याने वेळ सांगावी आणि ती आपल्या घड्याळाशी जुळावी, तेवढीच. त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल, निदान राग तरी दिसेल, अशी माझी अपेक्षा होती. रस्त्याने येताना दोन्हींची उत्तरे मी जुळवून ठेवली होती.

मी म्हणालो, "आकडा माझा होता. चूक तुझी नव्हती."

"ते मला माहीत होतं, दादा. माहीत नव्हतं ते तुम्हाला." फडके झटकून तो म्हणाला, "घरी सांगितलंत?"

"अजून नाही."

"बाजारात? त्या वेळच्या गिऱ्हाइकाला?"

"सांगेन. प्रसंग पाहून सांगेन. एकदम सांगितले तर मुलाला..." हे वाक्य मला पूर्ण करता आले नाही.

मग त्याने दोन स्क्रू पुडीतून काढून त्यांच्या खणात टाकले आणि खण लावून घेतला.

"पाटी पुन्हा रंगवून घे," मी म्हणालो. "दुसरे नाव घाल. खर्च मी देतो."

"नको. गिऱ्हाईक याच नावानं येतं." मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तुम्हाला बसा म्हणायला हवं. पण आता दुकानात गर्दी आहे."

वाट देण्यासाठी मी बाजूला सरकलो व मागे वळून पाहिले. दुकानात माझ्याशिवाय कोणीही नव्हते.